‘सोबत कोण आहे?’ : भायखळा-नागपाड्यातील एका ख्रिस्ती सेवागटाचे परीक्षण

महापालिकेच्या एका रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी एकोणतीस वर्षे काढली. या वर्षांत सर्वाधिक वेळा उच्चारलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे : ‘पेशंटसोबत कोण आहे?’ रक्तपेढीतून बाटली आणायची असो, क्ष-किरण विभागापर्यंत स्ट्रेचर ढकलायचे असो, संमतीपत्रावर सही हवी असो किंवा बाहेरच्या दुकानातून एखादे इंजेक्शन आणायचे असो, रुग्णाबरोबर एक धडधाकट माणूस आहे असे धरूनच आपल्या सार्वजनिक रुग्णालयांचा सारा कारभार चालतो. ज्याच्याबरोबर कोणीच नाही, त्याच्या केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०’ असे लिहिले जाते आणि त्याचे पुढचे सगळे त्या ‘अंदाजे’च्या हिशेबाने होते.

उपाहारगृहाचे किंवा मिक्सरचे परीक्षण लिहिणारा स्वतः गिऱ्हाईक असतो. ज्या सेवेबद्दल मी लिहितो आहे, तिचे गिऱ्हाईक दुकानाच्या ओट्यावर झोपते आणि परीक्षणे लिहीत नाही. म्हणून हे काम माझ्यासारख्या बाजूला उभे राहून पाहणाऱ्याकडे आले आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

गेल्या वर्षी आषाढातल्या एका रात्री जे. जे. उड्डाणपुलाखालून घरी येत असताना एका खांबाशी पडलेला माणूस मला दिसला. त्याच्या घोट्याला फडके गुंडाळलेले होते आणि त्या फडक्याचा वास माझ्या ओळखीचा होता. मी १०८ क्रमांकावर फोन केला. रुग्णवाहिका आली आणि तिच्यातल्या डॉक्टरांनी खाली उतरताच विचारले, ‘सोबत कोण येणार?’ एकोणतीस वर्षे इतरांना विचारलेला प्रश्न प्रथमच माझ्याकडे वळला होता, आणि खरे सांगायचे तर मी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेण्यापलीकडे काही केले नाही. तेवढ्यात रस्त्यापलीकडून साठीच्या आसपासच्या, सुती साडी नेसलेल्या एक बाई आल्या, खाली वाकून त्या माणसाला ‘मामा, ओळखलंत का मला?’ असे विचारले आणि डॉक्टरांना म्हणाल्या, ‘मी आहे सोबत.’ त्या रात्री त्या रुग्णालयाच्या बाकावर पहाटे तीनपर्यंत बसून होत्या, हे मला नंतर कळले. मामांची मलमपट्टी त्या आधीचे तीन आठवडे करीत होत्या आणि चार दिवस ते नेहमीच्या जागी न सापडल्याने त्यांना शोधत फिरत होत्या, हेही नंतरच कळले.

त्यानंतर सुमारे दहा महिने, आठवड्यातून निदान एकदा, मी या गटाबरोबर फिरलो आहे. गटाचे नाव मी लिहीत नाही, कारण तशी विनंती त्यांनीच केली. नाव पसरले की एक तर छायाचित्रे काढून घेण्यासाठी लोक येतात किंवा धर्मांतराचा जाब विचारायला येतात, आणि दोघांशीही बोलण्यात संध्याकाळ जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. गट लहान आहे. नगरच्या बूथ रुग्णालयात उमेदीची वर्षे काढून मुंबईत आलेल्या त्या निवृत्त परिचारिका (सगळे त्यांना सिस्टर म्हणतात), बेस्टमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर, दोन महाविद्यालयीन मुले, एका मराठी मंडळीचे (म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचे) पाळक, आणि पूर्वी स्वतः याच पदपथावर झोपणारा व आता गटाची गाडी चालवणारा एक तरुण, एवढे लोक नियमित असतात. बहुतेकांची मुळे नगर जिल्ह्यातली आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांच्या कामाची पाळेमुळे पुढे नगरकडे पसरली, आणि त्या भागातली ख्रिस्ती कुटुंबे नोकऱ्यांच्या शोधात पुन्हा मुंबईला आली. त्यामुळे या गटाचे बोलणे थेट नगरी वळणाचे आहे, आणि मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेला माणूस पदपथावर भेटला की पहिल्या दोन वाक्यांतच गावाची चौकशी सुरू होते. या चौकशीचा उपयोग किती मोठा आहे, ते पुढे येईल.

सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊला त्यांचा फेरा भायखळा स्थानकाच्या पश्चिम बाजूने सुरू होतो आणि नागपाडा, दोन टाकी, कामाठीपुऱ्याची कडा असे करीत उड्डाणपुलाखाली संपतो. नऊची वेळ विचारपूर्वक ठरवलेली आहे. दुकानांचे शटर खाली येईपर्यंत या माणसांना जागा नसते, आणि साडेदहानंतर ती झोपलेली किंवा नशेत असतात. प्रत्येक ओट्याचा, प्रत्येक बंद गाळ्याच्या पायरीचा एक ठरलेला माणूस असतो आणि हा नकाशा कोणत्याही कचेरीत टांगलेला नाही. तो सिस्टरांच्या डोक्यात आणि कंडक्टरकाकांच्या वहीत आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर नोंदले गेले. एकाच माणसाला तीन रात्री तीन वेगवेगळ्या ठिकाणी झोपताना ज्याने पाहिले आहे, त्याला ही मोजणी किती अवघड असेल याची कल्पना येते.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खिचडी, उकडलेले अंडे आणि केळे असा ठरलेला बेत असतो. खिचडी गरम असते, मीठ बेताचे असते, डाळीला कंजुषी नसते. शनिवारी मात्र याच रस्त्यावर आणखी तीन-चार ठिकाणची पाकिटे वाटली जातात, वाढदिवसाचे केक येतात, आणि रात्री अकरा वाजता अर्धवट खाल्लेली पुलावाची पाकिटे गटाराच्या झाकणावर पडलेली दिसतात, तर मंगळवारी आणि गुरुवारी त्याच माणसांना चहापावावर झोपावे लागते. गटाने शनिवारचे अन्न बंद करून मंगळवारी सुरू करावे, असे मी दोनदा सुचवले. शनिवारी स्वयंसेवक मिळतात आणि मंगळवारी मिळत नाहीत, हे त्यांचे उत्तर खरे असले तरी ते समाधानकारक नाही.

या सेवेचे खरे मोल जेवणानंतर उघडणाऱ्या पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीत सलाइनच्या बाटल्या, गॉज, पोव्हिडोन आयोडीन, हातमोजे, साखर तपासण्याचे यंत्र आणि टर्पेंटाइनची बाटली असते. टर्पेंटाइन कशासाठी, हे रुग्णालयात काम केलेल्यांना सांगावे लागत नाही : उघड्या जखमेवर माशी बसली की दोन-तीन दिवसांत अळ्या होतात, आणि त्या बाहेर काढण्यापूर्वी हे तेल वापरतात. सिस्टर ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, गुडघ्यावर बसून हे काम करतात आणि करताना सतत बोलत राहतात. गावाला शेती किती होती, विहिरीला पाणी होते का, बहीण कोणत्या गावी दिली आहे. सुरुवातीला मला हे बोलणे रुग्णाचे लक्ष दुखण्यावरून काढण्यासाठी आहे असे वाटले. नंतर वही पाहिली तेव्हा लक्षात आले की या गप्पांतून तालुका, गाव, भावाचे नाव आणि घर सोडल्याचे साल हळूहळू गोळा होत असते, आणि ‘अनोळखी पुरुष’ एकदा ओळखीचा झाला की पुढची अर्धी कामे सोपी होतात. वहीत प्रत्येक माणसाला एक पान आहे. मलमपट्टीची तारीख, साखरेचा आकडा, जखमेची लांबी बोटांच्या मापाने, आणि खाली कंडक्टरकाकांच्या अक्षरात शेरा : ‘आज बोलला नाही.’ ‘चप्पल मागितली, नऊ नंबर.’ सरकारी नोंदवह्या मी आयुष्यभर पाहिल्या. चपलेच्या मापाची नोंद असलेली ही पहिलीच.

गर्दच्या किंवा दारूच्या नशेत असलेल्या ज्या लोकांना मुंबईत सर्रास ‘गर्दुल्ले’ म्हटले जाते, त्यांच्याबाबतीत मात्र गटाची समज कमी पडते. पाळकांच्या प्रवचनात दारू आणि गर्द हे पाप म्हणून येतात, आणि उत्साही तरुण स्वयंसेवक एखाद्याला ‘आजपासून सोड’ असे सांगून बसतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली तर थरथर, भास आणि फिट येऊन जीव जाऊ शकतो, आणि म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते. हे सिस्टरांना माहीत आहे, बाकीच्यांना त्यांनी शिकवायला हवे. या बाबतीत ख्रिस्ती कार्यकर्त्यांना शिकण्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने व्यसन हा आजार आहे असे धरून, अय्यंगार योगाचा आधार घेत काम उभे केले, आणि २००९ साली फादरांना पद्मश्री मिळाली. पदपथावरून अशा केंद्रापर्यंत माणूस पोहोचवण्याची पायरी या गटाने अजून नीट बांधलेली नाही.

रुग्णालयात सोबत जाण्याच्या बाबतीत मात्र मी त्यांना पूर्ण गुण देतो, आणि हा निर्णय मी खिडकीच्या आत बसलेल्या माणसाच्या जाणकारीने देतो. सकाळी आठला रांगेत उभे राहून दहा रुपयांचा केसपेपर काढायचा, बाह्यरुग्ण विभागात नंबर लावायचा, रक्त तपासणीच्या चिठ्ठ्या वेगळ्या खोल्यांत द्यायच्या, दुपारी अहवाल घ्यायचे, त्यात जेवणाची सुट्टी आली तर थांबायचे. अंगाला वास येणारा, दोन दिवस न झोपलेला माणूस हे एकट्याने करू लागला तर तिसऱ्या खोलीशी तो परत फिरतो, कारण तोवर त्याला कोणी ना कोणी हाकललेले असते. गटातला कंडक्टर त्याच्यासोबत असला की तोच माणूस पाचही खोल्या पार करतो. निवृत्त कंडक्टरचा आवाज आणि गर्दीतून वाट काढण्याची हातोटी यांचा असा उपयोग होईल, हे त्यांनाही नोकरीत असताना वाटले नसेल.

क्षयरोगाच्या रुग्णांच्या बाबतीत हे सोबत असणे आणखी महत्त्वाचे ठरते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधांचे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि आपण बरे झालो असे वाटून माणूस गोळ्या सोडतो. घर असलेले लोकसुद्धा सोडतात. पदपथावर तर गोळ्यांची पिशवीच चोरीला जाते किंवा भिजते. गटाने यावर शोधलेला उपाय साधा आहे. एका पानटपरीवाल्याकडे तीन जणांच्या गोळ्या ठेवलेल्या आहेत, आणि सकाळचा चहा तेथेच घ्यायचा असा ठराव आहे. टपरीवाला उत्तर प्रदेशचा, रुग्णांपैकी दोघे मुसलमान, गोळ्या सरकारी आणि चहाचे पैसे मंडळीचे. मी असताना तिघांपैकी दोघांचा कोर्स पूर्ण झाला. तिसरा माणूस पाचव्या महिन्यात नाहीसा झाला, आणि त्याच्या पानावर प्रत्येक फेरीला ‘नाही’ एवढेच लिहिलेले आहे.

कागदपत्रांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. पदपथ मोकळे करणारी गाडी आली की चादर, भांडी आणि प्लास्टिकची पिशवी एकदमच उचलली जाते, आणि त्या पिशवीत आधार कार्ड असते. आधार नसेल तर रुग्णालयातली सवलतीची योजना अडते, बँक खाते अडते, काम देणारा ठेकेदारही अडतो. आणि नवे काढायला जावे तर पत्त्याचा रकाना रिकामा राहतो. गटाने मंडळीच्या कचेरीतले एक लोखंडी कपाट यासाठी दिले आहे. त्यात शंभराहून अधिक लिफाफे आहेत. मूळ कार्ड त्यात ठेवायचे आणि जवळ झेरॉक्स बाळगायची. लिफाफा केव्हाही परत मिळतो, सही किंवा अंगठा देऊन. मला आढळलेला दोष एवढाच की कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे आहे, आणि तो दिवाळीत गावी गेला असताना एका रुग्णाचे कार्ड चार दिवस मिळू शकले नाही.

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक वाचक हे परीक्षण वाचत असतील, त्याकडे येतो. हे लोक धर्मांतर करतात का? दहा महिन्यांत बाप्तिस्म्याची अट, लालूच किंवा कागदावर सही असा कोणताही प्रकार मी पाहिला नाही, आणि मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. तरीही माझा एक आक्षेप होता आणि तो मी स्पष्टपणे मांडला. शनिवारी पाळक येत, एक मराठी गीत होई, पाच मिनिटांची प्रार्थना होई आणि मग पातेल्याचे झाकण निघे. ‘थांबलंच पाहिजे असं आम्ही कुणालाच म्हणत नाही,’ असे पाळक म्हणत आणि ते खोटे नव्हते. पण खिचडीचा वास सुटलेला असताना आणि सकाळपासून पोटात काही नसताना ‘थांबायचे की जायचे’ हा पर्याय कागदावरच राहतो. सिस्टरांना हे लगेच पटले, मंडळीत मात्र त्यावरून दोन आठवडे वाद झाला. जानेवारीपासून आधी जेवण आणि नंतर, ज्यांना हवे त्यांच्यासाठी, भिंतीच्या कडेला प्रार्थना असा क्रम ठरला. चाळीस-पंचेचाळीस जणांपैकी आता सात-आठ जण थांबतात, आणि हा आकडा पाळकांनी स्वतःहून मला सांगितला. थांबणाऱ्यांत गोल टोपी घातलेले एक चाचाही असतात; गाणे चांगले असते म्हणून थांबतो, असे त्यांनी मला सांगितले.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू केली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली, आणि सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून उठलेल्या वादळात १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. प्रार्थनेचे दार उघडे असण्याला माझी हरकत नाही. पातेले दाराच्या कोणत्या बाजूला ठेवले आहे, एवढेच मी पाहतो. माझ्या घरात गाडगेमहाराजांची तसबीर आहे आणि त्यांच्या दशसूत्रीतले भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा हे क्रम मी लहानपणापासून ऐकत आलो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात जवळजवळ हीच यादी आहे, हे सिस्टरांनी मला दाखवले, आणि दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची सोय होते हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. दोन रुग्ण त्यांनी स्वतः तेथे पोहोचवले होते.

माघात नागपाड्याजवळचे एक म्हातारे गृहस्थ रुग्णालयात वारले. वहीतल्या पत्त्यावर गावी फोन झाला, पुतण्याने येणे जमणार नाही असे सांगितले, आणि पोलिसांच्या परवानगीने अंत्यसंस्काराची जबाबदारी गटाकडे आली. त्यांच्या हातावर विठ्ठलाचे नाव गोंदलेले होते. दफन की दहन यावर एक मिनिटही चर्चा झाली नाही. पाळक स्मशानात आले, मागे उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नाही. आमच्यात हिंदू मी एकटाच असल्याने अग्नी देण्याचे काम माझ्याकडे आले. अर्जावर ‘मृताशी नाते’ हा रकाना होता, आणि त्यात काय लिहावे हे मला सुचेना. कंडक्टरकाकांनी ‘परिचित’ असे लिहून दिले.

माझी सर्वात गंभीर तक्रार आश्रमाविषयी आहे. बरा होत असलेला माणूस पुन्हा पदपथावर जाऊ नये म्हणून गट त्याला शहराबाहेरच्या एका ख्रिस्ती निवासात पाठवतो. हेतू चांगला आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या, भान हरपलेल्या माणसांसाठी असे ठिकाण जीव वाचवणारेच ठरते. पण उड्डाणपुलाखालचे मामा, पायाची दोन बोटे गमावूनही, तेथून नवव्या दिवशी परत आले. गटातल्या तरुणांना हा कृतघ्नपणा वाटला. मामांचे म्हणणे वेगळे होते : पहाटे चारला लोखंडाच्या बाजारात हातगाडी भरायला माणूस लागतो, तेथे त्यांना नावाने ओळखतात, आणि आश्रमात दोन वेळचे जेवण असले तरी हातात दहा रुपये नसतात. १९८१ साली अंतुले सरकारने पदपथवासीयांना हटवण्याचा निर्णय घेतला, त्यावर ऑल्गा टेलिस यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले. माणूस पदपथावर राहतो कारण काम तेथून चालत जाण्याच्या अंतरावर असते, हा त्या खटल्यातला युक्तिवाद मामांनी तो न वाचता माझ्यासमोर केला. (न्यायालयाने नोटीस देऊन हटवण्यास मनाई केली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.)

अर्थात गटापुढे पर्याय तरी कोणते आहेत? मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास उघडे निवारागृह असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. २०११ च्या १ कोटी २४ लाख लोकसंख्येच्या हिशेबाने मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतात, आणि शहर त्या संख्येपासून अजून फार दूर आहे. लोखंडबाजारापासून चालत जाता येईल असा एक निवारा असता, तर मामांनी आश्रम नाकारल्याचा प्रश्नच उद्भवला नसता. तरीही पाठवण्यापूर्वी विचारणे, आठ दिवसांनी भेटायला जाणे आणि परत यायचे असल्यास गाडीभाडे देणे, एवढे गट करू शकतो. यातले तिसरे अजून होत नाही.

स्त्रियांची बाजूही दुबळी आहे. सिस्टर आल्या नाहीत तर त्या रात्री एकाही बाईची विचारपूस होत नाही, कारण पुरुष स्वयंसेवकांजवळ त्या बोलत नाहीत आणि बोलाव्यात अशी अपेक्षाही चूक आहे. सॅनिटरी पॅडची पाकिटे खिचडीच्या रांगेतच, सगळ्यांदेखत दिली जातात. ज्या भायखळ्यात १९८० च्या दशकात पदपथावरच्या बायकांनी महिला मिलन ही स्वतःची संघटना उभी केली, बचतीचे हिशेब ठेवले आणि घरांसाठी सरकारशी बोलणी केली, त्याच भायखळ्यात या बाबतीत इतका ढिलेपणा असावा, हे मला खटकते. गटाचा भ्रमणध्वनी रविवारी सकाळी उपासनेच्या वेळी बंद असतो, हीही एक गैरसोय आहे. जखमा रविवारीही चिघळतात.

मध्य मुंबईत हे काम करणारे हे काही पहिले ख्रिस्ती लोक नव्हेत. फ्रेडरिक टकर हे सनदी नोकरी सोडून १८८२ साली साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचे काम घेऊन मुंबईत उतरले, फकीर सिंग हे नाव घेऊन भारतीय वेशात वावरले आणि रस्त्यावर मिरवणुका काढल्याबद्दल तुरुंगातही गेले. भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवरचे आशा दान १९७६ पासून मदर तेरेसांच्या भगिनी चालवतात, आणि वडाळ्याचे शेल्टर डॉन बॉस्को १९८७ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी आहे. त्यांच्याकडे इमारती आहेत, खाटा आहेत, नियम आहेत. या गटाकडे एक गाडी, एक पेटी, एक वही आणि एक कपाट आहे, आणि त्यामुळे मोठ्या संस्थांच्या फाटकापर्यंत स्वतःहून न पोहोचणारा माणूस त्यांच्या हाती लागतो.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी जुने कपडे नेऊ नयेत. ते ठेवायला जागा नाही आणि साड्यांचा तर ढीग पडला आहे. पुरुषांच्या आठ, नऊ आणि दहा मापाच्या रबरी चपला, गॉजची बंडले, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि पावसाळ्यासाठी निळी ताडपत्री यांची गरज नेहमी असते. याहून मोठी गरज सकाळी आठ ते दोन रुग्णालयात बसू शकणाऱ्या माणसांची आहे. निवृत्त लोक यासाठी उत्तम, आणि मीही आता मंगळवारी जातो. ज्या खिडकीच्या आत मी बसत असे, तिच्या बाहेरची रांग इतकी लांब असते याची मला कल्पना नव्हती.

पदपथावर आजारी माणूस दिसल्यास आधी १०८ वर फोन करावा आणि खांबाचा क्रमांक किंवा समोरच्या दुकानाचे नाव नीट सांगावे. मग या गटाचा किंवा आपल्या भागातल्या अशाच एखाद्या गटाचा नंबर लावावा. सिस्टर फोनवर फार बोलत नाहीत. माणूस शुद्धीवर आहे का, हे त्या विचारतात, आणि लगेच दुसरा प्रश्न असतो : ‘मी येईपर्यंत तुम्ही थांबता ना तिथं?’